पुसून टाकलेली बाकी

आपल्या ललित वाङ्मयात मास्तरांना तोटा नाही. छडीवाले मास्तर आहेत, ध्येयवादी मास्तर आहेत, धोतराचा सोगा सावरीत एका गावाच्या तीन पिढ्या घडवणारे मास्तर आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधले चितळे मास्तर तर घरोघरचे झाले. पण हाच मास्तर शाळा सुटल्यावर चहाचा घोट घेतो, छत्री काखोटीला मारतो, एखाद्या बऱ्या स्थितीतल्या घराची पायरी चढतो आणि तेथल्या मुलाला काळ, काम, वेगाची गणिते शिकवतो, तेव्हा आमचा लेखक त्याच्याबरोबर त्या घरात शिरत नाही. शिरलाच तर एवढ्यासाठी की, त्या घरात एक मुलगी असते आणि मास्तर तरुण असतो. दोघांची दृष्टादृष्ट झाली की गणिताचे पुस्तक मिटते, आणि कथा संपेपर्यंत ते पुन्हा कोणी उघडीत नाही.

ही उणीव लहान नाही. मध्यमवर्गीय घराच्या मिळकतीतला केवढा वाटा आज शिकवणीकडे जातो, हे प्रत्येक वाचक आपल्या घरच्या हिशेबावरून जाणतो. पूर्वी शिकवणी ही मठ्ठ मुलाची लाज होती. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मास्तरांना मागच्या दाराने बोलवावयाचे. आता शिकवणी नसणे ही लाज झाली आहे. पहिलीच्या बेरजांपासून पदवीच्या कलनशास्त्रापर्यंत, विद्युतमंडलापासून पुंजयामिकीपर्यंत, हरएक इयत्तेला आणि हरएक धड्याला शिकवणी आहे. लातूर हे गावाचे नाव राहिले नसून पद्धतीचे नाव झाले आहे. राजस्थानातले कोटा तर त्याच्याही पुढे गेले. सोळा वर्षांखालच्या मुलांना शिकवणीवर्गात घेऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारला जानेवारी २०२४ मध्ये काढावी लागली. एवढी मोठी वस्तू समाजाच्या मध्यभागी उभी असताना साहित्याने तिच्याकडे पाठ फिरवावी, हे ठीक नव्हे. म्हणून जगात ज्यांनी तिच्याकडे नीट पाहिले आहे त्यांच्या काही कृती पुढे घेऊन, त्यांनी काय पाहिले व आम्ही काय टाळले, याचा विचार करावयाचा आहे.

कसोटीसाठी मी तीन साधे प्रश्न विचारतो. लेखकाने गणित खरोखर सोडवले आहे का? शिकवणीच्या पैशाचे त्याने काय केले आहे? आणि चुकलेल्या उत्तराचे काय झाले? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इतिहासाच्या मास्तराला थोडे गोलमाल बोलून वेळ मारून नेता येते. गणिताच्या आणि भौतिकाच्या शिकवणीत तसे नाही. तेथे दोन माणसे एका कागदावर वाकलेली असतात आणि दोघांपैकी कोणाचेही अज्ञान कोणत्याही क्षणी उघडे पडू शकते. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे?

आधी घरचे. सह्याद्रीच्या कुशीतले भास्कराचार्य यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे 'लीलावती'. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावाजवळ पाटणे येथे आहे. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाची घटिका मोत्याने अडवली आणि बापाने तिच्या समाधानासाठी ग्रंथ लिहिला, ही कथा फैजीने अकबरासाठी १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. मूळ ग्रंथात ती नाही. पण कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. हा ग्रंथ कोणाशी तरी बोलतो. कधी तो 'बाले' म्हणतो, कधी 'सखे', कधी व्यापाऱ्याला हाक मारतो, कधी जाणत्या गणकाला. प्रत्येक उदाहरण समोर बसलेल्या एका माणसाला घातलेले आहे, आणि तो माणूस बदलला की हाक बदलते.

उदाहरणे तरी कशी! भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर, त्या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर. एकटाच भुंगा केतकी आणि मालती यांच्या सुगंधात अडकून हवेत घुटमळत राहिला. थवा केवढा? पंचमांश आणि तृतीयांश मिळून आठ पंधरांश, फरकाची तिप्पट सहा पंधरांश, एकूण चौदा पंधरांश. उरलेला एक पंधरांश म्हणजे तो एकटा भुंगा. थवा पंधरांचा. लक्ष द्यावे ते असे की, गणिताची किल्ली त्या उरलेल्या भुंग्यात आहे. तसेच मोत्यांच्या माळेचे. तृतीयांश मोती जमिनीवर पडले, पंचमांश शय्येवर, षष्ठांश आणि दशांश दोघांनी वेचले, आणि सहा मोती दोऱ्यात राहिले. त्या सहांवरून तीस काढावयाचे. जे उरते त्याच्यावरून जे होते ते ओळखायचे, ही या शिकवणीची रीत. चांगल्या शिक्षकाचीही हीच रीत असते. मुलाला जेवढे उमगले तेवढे तो ऐकून घेतो, पण त्याचे डोळे राहिलेल्यावर असतात.

आता चेखॉव्ह. वडील कर्जबाजारी होऊन १८७६ मध्ये मॉस्कोला निघून गेले, मागोमाग घरही गेले, आणि तागान्रोगला एकट्या राहिलेल्या आंतोनने शिकवण्या करून शाळा पुरी केली. तेव्हा १८८४ मध्ये त्याने शिकवणीच्या मास्तरावर चारच पानांची गोष्ट लिहिली, ती ऐकीव माहितीवर नव्हे. सातव्या इयत्तेतला विद्यार्थी झीबेरोव हा पेत्या उदोदोव नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला शिकवावयास येतो. मास्तर ऐटीत आहे. लॅटिनमध्ये त्याने पेत्याला पुरते नामोहरम केले आहे. मग अंकगणित निघते. एका व्यापाऱ्याने काळे आणि निळे मिळून १३८ अर्शीन कापड ५४० रूबलला घेतले. निळे ५ रूबल अर्शीन, काळे ३ रूबल. तर प्रत्येक किती? पेत्या एक शब्द न बोलता ५४० ला १३८ ने भागू लागतो. मास्तर म्हणतो, का भागतोस? मग म्हणतो, बरे, भाग. मग बाकी राहते असे दिसताच म्हणतो, येथे बाकी राहूच शकत नाही; आण, मी करतो. तो स्वतः भागतो, तीन येतात, बाकी उरते, आणि तो घाईघाईने ते पुसून टाकतो.

या कथेवर लिहिणारे बहुधा पुढच्या प्रसंगावर लिहितात. मास्तर घामाघूम होऊन म्हणतो की, हे खरे तर बीजगणिताचे उदाहरण आहे, क्ष आणि य घेऊन सुटते. आणि मुलाचा बाप, ज्याने असले शिक्षण कधी पाहिले नाही, मणिफलकाचे मणी खटखट सरकवून उत्तर काढतो: ७५ आणि ६३. विनोद तेथे आहे खरा. पण मला वाटते, कथेचे मर्म त्या पुसलेल्या बाकीत आहे. वाचकाने पेन्सील घेऊन पाहावे. १३८ ला तीनने गुणले की ४१४. ५४० मधून वजा केले की बाकी १२६. आता ही बाकी म्हणजे काय? सगळेच कापड काळे, तीन रूबलचे, असे मानून दाम दिला, तर हातात उरलेले १२६ रूबल. निळ्याच्या प्रत्येक अर्शीनाला दोन रूबल जास्त. १२६ चे निम्मे ६३. झाले निळे कापड! ७५ उरले ते काळे. मुलाने न कळता केलेल्या भागाकारात भागाकार तीन आला, तोच काळ्या कापडाचा भाव. आणि जी बाकी 'राहूच शकत नाही' तीच उत्तराची किल्ली. मुलगा दाराशी येऊन उभा होता. मास्तरानेच दार लावून घेतले.

चेखॉव्हने हे आकडे जाणून निवडले की कसे, हा वाद निष्फळ आहे. आकडे कथेत आहेत आणि ते बोलतात. चुकीच्या वाटेने निघालेले मूल पुष्कळदा बरोबर ठिकाणाच्या अगदी जवळून जात असते. ते कळावयास शिक्षकाला आपली बेअब्रू होण्याचे भय सोडावे लागते. आणि झीबेरोवला ते सोडता येत नाही, कारण त्याचा पगार थकला आहे. बाप उत्तर काढतो आणि मागाहून पैशाच्या वेळी पुढचा वायदा करतो. मास्तर मुकाट्याने दुसऱ्या शिकवणीला जातो. त्या दिवशी त्याला पैसे मागण्याचे तोंड उरलेले नाही. गणित, पैसा आणि चूक या तिन्ही गोष्टी चार पानांत एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की, एक काढली तर कथा कोसळेल. माझ्या तिन्ही प्रश्नांना पूर्ण उत्तर देणारी ही एकच कृती मला ठाऊक आहे.

ब्रेख्तच्या 'गॅलिलिओचे जीवन' या नाटकात (पहिले लेखन १९३८-३९, पहिला प्रयोग झुरिच १९४३) भौतिकशास्त्राची शिकवणी येते. पदर पसरलेला गॅलिलिओ ही कल्पना नाटककाराची नव्हे. पादुआच्या विद्यापीठात १५९२ ते १६१० या काळात तो खरोखरच घरी विद्यार्थी ठेवून घेई, त्यांना खासगी पाठ देई. सैनिकी उपयोगाचा एक भूमितीय कंपास त्याने बनवला होता, तो वापरावयास शिकवून पैसे घेई, आणि १६०६ मध्ये त्याने त्या यंत्राची माहितीपुस्तिकाही छापली. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात दूधवाल्याचे बिल थकले आहे, आणि घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा आंद्रेआ समोर आहे. हात-तोंड धुण्याचे घडवंचे म्हणजे सूर्य. मुलाला खुर्चीसकट उचलून गॅलिलिओ पलीकडे नेऊन ठेवतो आणि विचारतो, आता सूर्य कोठे? मुलगा शंका काढतो: खुर्ची आडवी फिरवलीत, उभी फिरवली असती तर मी डोक्यावर पडलो असतो! शंका खरी आहे, आणि तिच्यासाठी सफरचंद घेऊन दुसरा प्रयोग करावा लागतो. हा पाठ फुकट चालला आहे. तेवढ्यात ज्याच्यापासून पैसे मिळावयाचे तो शिष्य येतो: लुडोविको, जमीनदाराचा मुलगा, ज्याला घोड्यांत अधिक गोडी आहे. गॅलिलिओ त्याला ठेवून घेतो. वेतन वाढवा म्हटले की विद्यापीठाचा अधिकारी सांगतो, शिकवण्या करा. आणि शिकवण्या केल्या की संशोधनाला वेळ उरत नाही. आजच्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रवेश समजावून सांगावा लागणार नाही.

नाटक शेवटाला नेताना ब्रेख्तने या दोन शिष्यांचा हिशेब चुकता केला आहे. पैसे देणारा शिष्य गुरूवर चर्चची नजर वळताच त्याच्या मुलीशी ठरलेले लग्न मोडून निघून जातो. फुकटचा शिष्य १६३७ मध्ये गुरूचे अखेरचे हस्तलिखित कोटाखाली दडवून सीमेपलीकडे नेतो. येथे माझे एक भांडण आहे. फीचा शिष्य कृतघ्न आणि फुकटचा कृतज्ञ, ही वाटणी फार सोयीची झाली. ब्रेख्तसारख्या पैशाचे गणित जाणणाऱ्या लेखकाने ती करावी याचे नवल वाटते. पैसे देणाऱ्या घरातही शंका विचारणारी मुले असतात, आणि फुकट शिकणाराही कधी कधी नुसता मान डोलावतो. तथापि एका पात्रासाठी मी त्याला सर्व माफ करीन. भिंगे घासणारा कारागीर फेडेर्झोनी याला लॅटिन येत नाही. पंडितांशी वाद चालू असताना, याला कळावे म्हणून आपल्या रोजच्या भाषेत बोलू या, असा गॅलिलिओ आग्रह धरतो. शिकणारा लहान मूलच असतो असे नाही, आणि भौतिकशास्त्र परभाषेतच कळते असेही नाही. जी मुले 'त्वरण' म्हटल्यावर समजतात आणि तोच शब्द इंग्रजीत आला की गप्प होतात, त्यांच्या मास्तरांनी हा प्रवेश वाचावा.

खुद्द गॅलिलिओचे ते हस्तलिखित, १६३८ मध्ये लायडन येथे छापले गेलेले, हे तीन माणसांचे संभाषण आहे: एक जाणता, एक हुशार पण अशिक्षित नसलेला गृहस्थ, आणि एक जुन्या मताला चिकटून बसलेला. पडणाऱ्या वस्तूचा वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे त्यांतला हुशार गृहस्थ सुचवतो. ते चूक आहे. वेग काळाच्या प्रमाणात वाढतो. पण जाणता त्याला हसत नाही. तो सांगतो की, आपला ग्रंथकारही काही काळ याच चुकीत होता. शिकवणीचा याहून थोर क्षण मी वाचलेला नाही. झीबेरोवने बाकी पुसली. गॅलिलिओने ती छापून ठेवली.

आयनेस्कोच्या 'धडा' या १९५१ च्या एकांकिकेवर फार थांबत नाही. प्राध्यापकाकडे शिकवणीला आलेली मुलगी बेरजा झटकन करते, वजाबाकी तिला मुळीच येत नाही, आणि अब्जावधींचे गुणाकार मात्र क्षणात सांगते. कसे, तर जगातले सर्व गुणाकार तिने पाठ केले आहेत, कारण स्वतःच्या विचारावर तिचा भरवसा नाही. पुढे प्राध्यापक तिचा खून करतो, आणि कळते की त्या दिवसातला हा चाळिसावा. प्रेक्षक खुनाने हादरतात. मला त्या पाठ केलेल्या गुणाकारांचे भय अधिक वाटते. खून रंगभूमीवरचा आहे. पाठांतर मात्र आमच्या अपेक्षित प्रश्नसंचांतून घरोघर पोचले आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला योको ओगावा यांची २००३ ची जपानी कादंबरी आहे, जिच्या नावाचा अर्थ 'प्राध्यापकांचे आवडते समीकरण' असा होतो. अपघातानंतर या गणितज्ञाची नवी स्मृती फक्त ८० मिनिटे टिकते. घरकामाला येणारी बाई आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा हे त्याचे शिष्य. मुलाचे डोके सपाट म्हणून तो त्याला 'वर्गमूळ' म्हणतो. बाईची जन्मतारीख २० फेब्रुवारी, म्हणजे २२०. त्याच्या बक्षिसाच्या घड्याळावर २८४. २२० चे स्वतःखेरीज सर्व विभाजक मिळवले की २८४ होतात आणि २८४ चे मिळवले की २२०. शाळा अर्ध्यावर सुटलेली बाई हे स्वतः करून पाहते, आणि लेखिका आपल्यालाही करावयास लावते. पहिला प्रश्न ही कादंबरी सहज जिंकते.

पण तिचे खरे वैशिष्ट्य त्या ८० मिनिटांत आहे. या शिक्षकाला कालची चूक आठवत नाही. त्याच्याजवळ हजेरीपट नाही, मागच्या चाचणीचे गुण नाहीत, 'हा कच्चा' असा शेरा नाही. प्रत्येक भेटीत मूल त्याला नवे असते, आणि म्हणून प्रत्येक चुकलेले उत्तर तो कुतूहलाने पाहू शकतो. जे आम्हा धडधाकट शिक्षकांना निश्चयानेही साधत नाही ते लेखिकेने त्याच्या व्याधीतून साधले. येथे मला एक उणे दिसते. या शिकवणीला फी नाही. पगार घरकामाचा आहे, तो भावजय देते, आणि ज्ञान वरकड मिळते. ओगावांनी पैशाचा काटा हलकेच बाजूला काढून ठेवला, म्हणून हे नंदनवन शक्य झाले. चेखॉव्हच्या मास्तराला पोट आहे. ओगावांच्या प्राध्यापकाला केवळ मन आहे.

आणि आमच्याकडे? हिंदीत २०१९ मध्ये एकदम दोन कृती आल्या. पाटण्याचे आनंद कुमार यांच्यावरचा 'सुपर थर्टी' हा चित्रपट, आणि 'कोटा फॅक्टरी' ही मालिका. चित्रपटात गुंड चालून आले की मुले भौतिकाच्या युक्तीने त्यांना पळवतात. टाळ्या पडतात, पण एकही मूल एकदाही नीट चुकत नाही. गणित तेथे हत्यार होते, विचार होत नाही. मालिका अधिक प्रामाणिक आहे. कोट्याला तिने काळ्यापांढऱ्या रंगांत पाहिले, आणि उशिरा आलेल्या मुलाची तगमग तिला दिसली. पण तिचा भौतिकाचा शिक्षक, सर्वांचा लाडका 'भैया', फळ्यापुढे कमी आणि उपदेशात अधिक रमतो. जीवन कसे जगावे हे तो उत्तम सांगतो. घर्षणाची दिशा मुलाने उलटी का काढली, हे तो मुलाशेजारी बसून पाहताना आपल्याला फारसा दिसत नाही. नाट्य निकालात शोधले की असे होते. निकाल ही बातमी आहे. कथा त्याच्या आधी, कागदावर घडून गेलेली असते.

मराठी कादंबरीकारांपुढे, आणि त्यांत मीही आलो, हे काम पडलेले आहे. वर्गात उभे राहिले की आज दिसते ते असे: निम्म्या मुलांनी तो धडा आधीच कोठेतरी 'करून' घेतलेला असतो, उत्तर त्यांना ठाऊक असते, आणि म्हणून प्रश्नाबद्दल त्यांना काडीचे कुतूहल नसते, उरलेल्या निम्म्यांच्या आईबापांना फी परवडत नाही, ती मुले पहिल्या निम्म्यांच्या तोंडाकडे पाहतात. या दोन बाकांमधल्या अंतरात एक सबंध कादंबरी आहे. त्यात पैसा आहे, जात आहे, भाषा आहे, दागिना गहाण टाकणारी आई आहे, आणि सात घरी शिकवून आठव्या घरी, म्हणजे स्वतःच्या मुलाजवळ बसावयास ज्याला त्राण उरत नाही असा मास्तर आहे. ती लिहावयास लेखकाला थोडे गणित करावे लागेल. दया आणि उपदेश यांवर ती निभणार नाही. १३८ ने ५४० ला भागून पाहावे लागेल.

समाजाचे सगळे लक्ष आज भागाकाराकडे आहे: किती आले, कितवा आला, कोठे लागला. साहित्याचे लक्ष पूर्वीपासून बाकीकडे असते. जो भुंगा थव्यात बसला नाही, जे मोती दोऱ्यात राहिले, ज्या मुलाचे उत्तर चुकले, त्याच्यावरून सबंध गणित उलगडावयाचे असते. ती बाकी पुसून टाकणारे हात पुष्कळ आहेत. निदान लेखकाने तरी आपला हात त्यांत घालू नये.